सगळी मतं एकाला

१९३७ साली थोरल्या आजोबांना मताचा अधिकार होता, आमच्या आजोबांना नव्हता. दोघे सख्खे भाऊ, रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईला आलेले, नायगावच्या बीडीडी चाळीत एकाच खोलीत राहणारे. थोरले पहिल्या महायुद्धात १११ महार पलटणीत होते. पलटण १९२१ साली मोडली आणि ते गिरणीत लागले. पुढं धाकट्यालाही त्यांनी रिंगखात्यात चिकटवलं. त्या काळी मत मिळे ते शेतसारा, घरभाडं, शिक्षण किंवा लष्करी नोकरी यांच्या जोरावर. थोरल्यांचं मत पलटणीतून आलेलं. मतदानाच्या दिवशी ते छातीला बिल्ले लावून रांगेत उभे राहिले आणि धाकटा भाऊ नुसता सोबतीला गेला. आजोबा म्हातारपणी ती गोष्ट सांगत तेव्हा शेवट नेहमी एकच असे. “बाय, जितकी मतं होती तितकी सगळी एकाला. बाबासाहेबांना. दुसऱ्या कुणाला एक नाही.”

ही नुसती श्रद्धा नव्हती. तेव्हाच्या मुंबई प्रांतात कायद्यानंच ही मुभा दिलेली होती. मतदारसंघातून जितके प्रतिनिधी निवडायचे तितकी मतं प्रत्येक मतदाराला, आणि ती हवी तशी वाटायची किंवा सगळी एकावरच टाकायची. पुस्तकात याला संचयी मतदान म्हणतात. चाळीत कुणी ते नाव घेत नसे, पण त्याचं गणित मात्र सगळ्यांना पाठ होतं, आणि ते मला प्रथम आजोबांनीच समजावलं.

समजा तीन जण निवडायचे आहेत आणि मतदार शंभर आहेत. सव्वीस जण एका विचाराचे, चौऱ्याहत्तर दुसऱ्या. प्रत्येकाला तीन मतं. सव्वीस जणांनी तिन्ही मतं एकाच उमेदवाराला दिली तर त्याच्या पदरात ७८ पडतात. उरलेल्यांकडे २२२ मतं आहेत. तीन उमेदवारांत सारखी वाटली तर प्रत्येकी ७४. सव्वीस जणांचा माणूस निवडून येतोच, कुणाला अडवता येत नाही. आता नियम एवढाच बदला, की एका उमेदवाराला एकच मत देता येईल. त्याच सव्वीस जणांच्या उमेदवाराला २६ मतं मिळतात आणि समोरच्या तिघांना ७४-७४-७४. आणि तीनपैकी एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव असेल तर? चौऱ्याहत्तर जण आपल्या पसंतीचा अनुसूचित जातीचा उमेदवार उभा करतात, त्याला ७४ मतं देतात, आणि सव्वीस जणांनी ज्याला आपला मानलं तो घरी बसतो. जागा राखीव राहते, पण तिच्यावर कोण बसणार हे दुसरेच ठरवतात.

थोरल्या आजोबांच्या त्या मताला हा सगळा इतिहास चिकटलेला आहे.

१९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्यांना दोन मतं मिळणार होती. एक स्वतःच्या वेगळ्या मतदारसंघात, आपला माणूस आपणच निवडण्यासाठी. दुसरं सर्वसाधारण मतदारसंघात, इतरांच्या उमेदवाराला आपल्या दाराशी यायला लावण्यासाठी. वेगळ्या मतदारसंघाविरुद्ध गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण मांडलं आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, वेगळा मतदारसंघ गेला आणि दुसरं मतही गेलं. त्याऐवजी प्राथमिक निवडणूक आली: अस्पृश्य मतदारांनी चार जणांची यादी निवडायची आणि त्या चारांतून एकाला सगळ्या मतदारांनी मिळून निवडायचं. आजोबा तेव्हा विशीतले. चाळीच्या जिन्यावर रात्र रात्र चर्चा चाले, असं ते सांगत. जागा दुप्पट झाल्या म्हणून आनंदणारेही होते. थोरले आनंदले नव्हते. चारांतला कोणता घ्यायचा हे त्यांनीच ठरवायचं, तर ते आपल्यातला सर्वांत गरीब घेतील, असं ते म्हणाले होते. त्यांचा ‘गरीब’ म्हणजे मान खाली घालणारा.

दुसऱ्या मताची किंमत बाबासाहेबांनी पुढं १९४५ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात स्पष्ट मांडली. वाढलेल्या जागांपेक्षा ते मत मोलाचं होतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं, आणि त्याचं कारण ग्रंथापेक्षा घरातलं अधिक आहे. जागा दिल्लीत किंवा मुंबईत असते, तिथं एकच जण बसतो. मत प्रत्येक खोलीत असतं.

पुणे करारानंतर हाती राहिली होती ती मतं मोजण्याची रीत. १९३५ च्या कायद्यानंतर मतदारसंघ आखायला सर लॉरी हॅमंड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि मुंबई प्रांतात संचयी पद्धत आली. बाबासाहेबांना तीच हवी होती. वेगळा मतदारसंघ गेला तरी या रीतीनं त्याचं बरंचसं काम होत होतं, आणि तेही कुणाला वेगळं न काढता. स्पृश्य-अस्पृश्य एकाच मतदारसंघात, एकाच रांगेत. फक्त थोड्यांना आपलं बळ एका ठिकाणी गोळा करायची मुभा. इंग्लंडमध्ये १८७० ते १९०२ शाळामंडळांच्या निवडणुका याच रीतीनं होत. स्त्रियांना संसदेसाठी मत नव्हतं त्या काळात, १८७० साली, एलिझाबेथ गॅरेट लंडनच्या शाळामंडळावर याच पद्धतीनं निवडून आल्या. अमेरिकेच्या इलिनॉय राज्याचं कनिष्ठ सभागृह १८७० च्या राज्यघटनेपासून १९८० पर्यंत असंच निवडलं जाई. म्हणजे ही कुणा एकट्याच्या डोक्यातली कल्पना नव्हती.

१९३७ च्या लढतीत बाबासाहेबांच्या समोर भायखळा-परळच्या मतदारसंघात काँग्रेसनं उभं केलं होतं पालवणकर बाळू यांना. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा हा डावखुरा गोलंदाज गिरणगावातल्या पोरांचा देव होता. जातीनं चांभार, पुणे करारावर सही करणाऱ्यांपैकी एक. आजोबांनी लहानपणी त्यांना मैदानावर पाहिलं होतं आणि त्यांच्याबद्दल ते कधी वावगं बोलले नाहीत. बाळूंना ११,२२५ मतं मिळाली, बाबासाहेबांना १३,२४५. त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं प्रांतात १७ उमेदवार उभे केले, त्यांतले १४ निवडून आले. पक्ष वर्षभराचाही नव्हता. पाठीशी ना सावकार, ना मोठं वर्तमानपत्र. थोरल्या आजोबांसारख्या हजारोंनी आपली सगळी मतं एकाच ठिकाणी टाकली, हे त्यामागचं मोठं कारण.

पुढची नऊ वर्षं फार लवकर गेली, असं आजोबा म्हणत. ७ नोव्हेंबर १९३८ चा संप मात्र ते तपशीलवार सांगत. औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्या दिवशी मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. कामगार मैदानावर बाबासाहेब आणि कम्युनिस्टांचे डांगे एकाच व्यासपीठावर होते. आजोबांना त्याचं अप्रूप वेगळ्या कारणानं वाटे. गिरणीतल्या साचेखात्यात आमच्या माणसांना शिरकाव नव्हता, कारण धोट्यातला तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे आणि तो इतरांना विटाळ वाटे. लाल बावट्याच्या युनियनने या गोष्टीला कधी पुरेशी धार लावली नाही, ही सल होतीच. तरी त्या दिवशी सगळे सोबत चालले.

१९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत मजूर पक्षाच्या जागी आलेल्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा मुंबईत एकही उमेदवार आला नाही. घटना समितीवर पाठवायला बाबासाहेबांकडे आपल्या प्रांतात आमदारच नव्हते. तिथं कामी आली मोजणीची तिसरीच रीत. घटना समितीचे सदस्य प्रांतिक विधानसभांनी एकल संक्रमणीय मतानं निवडायचे होते: आमदारानं पसंतीक्रम लिहायचा, ठरावीक कोटा भरला की उमेदवार निवडून आला. या पद्धतीत बहुमताची गरज नसते, कोट्याएवढे लोक पुरतात. बंगालमध्ये जोगेंद्रनाथ मंडल यांनी ते जमवून आणलं आणि बाबासाहेब बंगालमधून घटना समितीत गेले. फाळणीनं ती जागा गेली. मग जुलै १९४७ मध्ये बॅरिस्टर जयकरांच्या रिकाम्या जागेवर ते मुंबईतून पुन्हा निवडले गेले. तोवर काँग्रेसलाही ते हवे होते. पण पहिलं दार बंगालमधल्या त्या कोट्यानं उघडलं. जिथं एकाच विजेत्याला सगळं मिळतं अशा रीतीनं ती निवडणूक झाली असती, तर पहिल्या दिवशी घटना समितीत ते नसतेच.

म्हणून ४ जानेवारी १९४९ ची घटना समितीतली चर्चा मी वाचते तेव्हा जीव गुंततो. मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी दुरुस्ती मांडली, की लोकसभेच्या निवडणुका बहुसदस्य मतदारसंघांत संचयी मतानं घ्याव्यात. अल्पसंख्याकांना वेगळे मतदारसंघ नकोत, राखीव जागाही नकोत, पण मत गोळा करायची मुभा द्या, असा त्यांचा रोख. थोरल्या आजोबांना बारा वर्षांपूर्वी जी मुभा होती तीच. उत्तर द्यायला उभे राहिले ते बाबासाहेब, आणि त्यांनी विरोध केला. प्रमाणशीर पद्धतीला जी साक्षरता लागते ती देशात नाही, सभागृहात तुकडे पडून सरकार टिकणार नाही, आणि अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा मान्य झाल्याच आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. दुरुस्ती फेटाळली गेली.

घरात हा विषय निघाला की आजोबा गप्प होत. बाबासाहेबांच्या निर्णयावर बोट ठेवणं त्यांच्यानं झालं नसतं. मला मात्र बोलावंसं वाटतं. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, नव्या देशाचं सरकार उभं राहायचं होतं. स्थैर्याची काळजी खरी होती. पण साक्षरतेचा मुद्दा १९३७ च्या अनुभवापुढं टिकत नाही. सगळी मतं एकाला द्यायची हे समजायला अक्षरओळख लागत नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांना जे मांडावं लागलं आणि चळवळीचे नेते म्हणून त्यांना जे माहीत होतं, यांत मला इथं अंतर दिसतं. हे अंतर पुढं त्यांनी स्वतःच भरून काढलं, पण त्याआधी दोन पराभव व्हायचे होते.

पहिल्या लोकसभेत ४८९ जागा होत्या आणि मतदारसंघ ४०१. त्यांतले ८६ दुहेरी होते: एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, मतदार सगळे सामायिक. प्रत्येक मतदाराला दोन मतं. मात्र १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६३ व्या कलमानं सांगितलं, की एका उमेदवाराला एकाच मतदाराची दोन मतं देता येणार नाहीत. दिली तर एक धरायचं, दुसरं बाद. संचयी मतदानाचा दरवाजा इथं बंद झाला.

आजीचं हे पहिलं मतदान. जानेवारी १९५२. तिची गोष्ट आजोबांच्या गोष्टीपेक्षा वेगळी, कारण तिला आकडे नव्हे, पेट्या आठवत. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. काँग्रेसच्या बैलजोडीच्या दोन पेट्या, डांग्यांच्या कणीस-विळ्याची, झाडाची आणि आपल्या फेडरेशनच्या हत्तीची. हातात दोन कागद दिले. समाजवाद्यांशी युती होती, झाडाच्या चिन्हावर अशोक मेहता उभे होते, तेव्हा कार्यकर्त्यांनी आठवडाभर चाळीचाळींत शिकवलं होतं: एक हत्तीला, एक झाडाला. आजीनं तसंच केलं. तिच्या शेजारणीनं दोन्ही कागद हत्तीच्या पेटीत टाकले. बाहेर येऊन तिनं ते उजळ माथ्यानं सांगितलं, आणि कुणी तरी तुझं एक मत फुकट गेलं म्हटल्यावर ती भांडायला उठली. “बाबासाहेब उभे असताना मी झाडाला कशाला घालू?” थोरल्या आजोबांनी १९३७ मध्ये जे कायद्यानं केलं, तेच या बाईनं पंधरा वर्षांनी केलं, आणि आता ते बाद होतं.

निकाल लागला तेव्हा नारायण काजरोळकरांना १,३८,१३७ मतं होती आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. काजरोळकर काँग्रेसचे, राखीव जागेचे उमेदवार. त्या मतदारसंघात ७४ हजारांहून अधिक मतं बाद झाली होती. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली. डांग्यांच्या बाजूनं मतं कुजवण्याचा प्रचार झाला, म्हणजे दुसरं मत कुणालाच मिळू नये असं मतदारांना सांगितलं गेलं, असा तीत आरोप होता. याचिका फेटाळली गेली. चाळीत मात्र त्या आरोपावर पुढं कितीतरी वर्षं माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. कामगार मैदानावर सोबत गेलेले शेजारी एकाच नळावर पाणी भरताना मान वळवत. आजोबा कम्युनिस्टांवर चिडलेले होते खरे, पण पुढं पुढं ते म्हणू लागले, की दुहेरी मतदारसंघात प्रत्येकाला दुसऱ्याचं दुसरं मत हवं असतं आणि आपलं दुसरं मत द्यायचं नसतं. कायदाच असा केला तर माणसं काय करणार? मला हे त्यांचं सर्वांत शहाणपणाचं बोलणं वाटतं.

त्याच निवडणुकीत सोलापुरात उलट घडलं. तिथं फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले, कारण जोडीला शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे होते आणि दोघांची मतं एकमेकांकडे वळली. पद्धत तीच होती, जोडीदारानं शब्द पाळला होता एवढंच. फेडरेशनचे त्या लोकसभेत देशभरातून दोनच खासदार आले, दुसरे हैदराबाद राज्यातल्या करीमनगरचे. बाबासाहेब संसदेत गेले ते राज्यसभेत, एप्रिल १९५२ मध्ये. मुंबई विधानसभेत फेडरेशनचा आमदार एकच होता, बी. सी. कांबळे, पण राज्यसभेची निवड पसंतीक्रमाच्या मतानं होते आणि इतर पक्षांच्या काही आमदारांच्या साथीनं कोटा भरला. बंगालनंतर दुसऱ्यांदा त्याच मोजणीनं त्यांना सभागृहात नेलं.

दुसरा पराभव भंडाऱ्याचा. १९५४ ची पोटनिवडणूक, मतदारसंघ पुन्हा दुहेरी, जोडीदार पुन्हा अशोक मेहता. माझ्या आत्याचे सासरे तिकडचे, विडी कारखान्यात काम करणारे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गेलो की अंगणात बाजेवर बसून ते ती निवडणूक सांगत. बाबासाहेबांच्या सभेला ते रात्रभर चालून गेले होते. त्यांच्याकडची गोष्ट अशी, की कार्यकर्त्यांनी ठरवलं होतं दुसरं मत कुजवायचं. एक हत्तीला, दुसरं कुणालाच नाही. बाबासाहेबांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते कडाडले: ज्यानं घटना लिहिली त्यानंच लोकांना मत वाया घालवायला सांगायचं? पडलो तरी चालेल, दुसरं मत मेहतांना द्या. “आन आमी देल्लं, पोरी,” ते म्हणत, “सगळ्यायनं देल्लं. तिकून नाई आलं.”

त्या कार्यकर्त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता, हे सांगायलाच हवं. दुहेरी मतदारसंघात आधी राखीव जागेचा निकाल लागे. मग उरलेल्या सगळ्यांत ज्याची मतं जास्त तो दुसऱ्या जागेवर, मग तो कुठल्याही जातीचा असो. दलितांची दुसरी मतं मेहतांना गेली नसती तर मेहता खाली आले असते आणि राखीव जागा हुकली तरी सर्वसाधारण जागेसाठी बाबासाहेबांना वाट राहिली असती. प्रत्यक्षात मेहता निवडून आले, राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आले, आणि बाबासाहेब हरले. गांधीजींच्या उपोषणापुढं १९३२ मध्ये सोडलेलं दुसरं मत बावीस वर्षांनी भंडाऱ्याच्या लोकांनी पुन्हा दुसऱ्याच्या भल्यासाठी खर्च केलं, असं मला वाटत राहतं.

या दोन पराभवांनंतर बाबासाहेबांनी जे लिहिलं त्याकडे आपण फार कमी पाहतो. ऑगस्ट १९५५ मध्ये फेडरेशननं विधिमंडळांतल्या राखीव जागा रद्द करा असा ठराव केला. त्याच वर्षअखेरीस ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ हे पुस्तक आलं. भाषावार राज्यांत एखादीच मोठी जात सगळं व्यापून बसेल आणि लहान समाज तिच्या तोंडाकडे बघत राहतील, ही भीती त्यांनी त्यात मांडली आणि उपाय सांगितला: एकसदस्य मतदारसंघांऐवजी दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि संचयी मतदान. १९४९ मध्ये करीमुद्दीन यांना नाकारलेली गोष्ट सहा वर्षांनी त्यांनी स्वतः मागितली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आपण त्या पुस्तकातलं मुंबईबद्दलचं म्हणणं उचललं, राज्यांच्या आकाराबद्दलचं म्हणणं आजही उद्धृत होतं. मतदानाबद्दलची ती मागणी मात्र कुणाच्या जाहीरनाम्यात आली नाही.

वर्षभरात, ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले.

१९५७ च्या निवडणुकीत गिरणगावातल्या मुंबई शहर मध्य या दुहेरी मतदारसंघात संयुक्त महाराष्ट्र समितीची जोडी होती डांगे आणि फेडरेशनचे जी. के. माने. आजीनं एक कागद कणीस-विळ्याच्या पेटीत टाकला आणि एक हत्तीच्या. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्याशी अबोला धरला होता त्या शेजाऱ्यांनीही तेच केलं. दोघेही निवडून आले. नाशिकमधून दादासाहेब गायकवाड, कोपरगावातून बी. सी. कांबळे लोकसभेत गेले. समितीच्या लाटेत सगळ्यांची दुसरी मतं जागेवर पडली. आजी म्हणे, हे बाबासाहेब असताना का नाही झालं? या प्रश्नावर घरात कुणीच काही बोलत नसे.

दुहेरी मतदारसंघ संपले ते मात्र दलितांच्या तक्रारीमुळं नव्हे. १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये व्ही. व्ही. गिरी सर्वसाधारण जागेवर हरले, कारण दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांना गेल्या. फरक हजार मतांचाही नव्हता. गिरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५९ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की राखीव समाजाचा माणूस जास्त मतं घेऊन सर्वसाधारण जागाही जिंकू शकतो. त्यानंतर दोन वर्षांत, १९६१ मध्ये, दुहेरी मतदारसंघ रद्द करणारा कायदा झाला. (याच गिरींना १९६९ मध्ये राष्ट्रपतिपद मिळालं ते दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर.) बाबासाहेब दोनदा पडले तेव्हा ज्या पद्धतीत कुणाला दोष दिसला नव्हता, ती एका मोठ्या नेत्याची सर्वसाधारण जागा जाताच अडचणीची झाली. हे मला लागतं, आणि ते लिहून ठेवावंसं वाटतं.

१९६२ पासून सगळे मतदारसंघ एकसदस्य झाले. फेडरेशनच्या जागी आलेल्या रिपब्लिकन पक्षाचे तीन खासदार त्या वर्षी निवडून आले, तिघेही उत्तर प्रदेशातून. महाराष्ट्रातून एकही नाही. पक्षाच्या फाटाफुटीबद्दल आपल्याकडे खूप लिहिलं गेलं आहे, आणि सगळी जबाबदारी नेत्यांच्या स्वभावावर टाकली जाते. नेत्यांचे दोष होतेच. पण ज्या पद्धतीत कुठल्याही मतदारसंघात आपले लोक पंधरा-वीस टक्क्यांच्या वर नाहीत आणि जागा एकच आहे, तिथं निवडून यायचं तर मोठ्या पक्षाचं बोट धरावंच लागतं. कुणाचं बोट धरायचं यावर गट पडणार, आणि बोट धरणाऱ्याला उत्तर द्यावं लागणार ते बोट देणाऱ्याला. १९९८ मध्ये प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले हे चौघे खुल्या जागांवरून लोकसभेत गेले. काँग्रेसची साथ होती म्हणून. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडी स्वतंत्र लढली. राज्यात सुमारे सात टक्के मतं मिळाली, औरंगाबादेत मित्रपक्षाचा खासदार आला, आघाडीचा स्वतःचा एकही नाही. बहुजन समाज पक्षाला २०१४ मध्ये देशभरात सुमारे चार टक्के मतं होती, मतांत तिसरा क्रमांक होता आणि लोकसभेत जागा शून्य. अशा निकालांनंतर मतदारालाच दोष दिला जातो, की तू मत वाया घालवलंस. मला तो दोष मान्य नाही. लाखो माणसं उन्हात रांगेत उभी राहून जे मत देतात ते वाया जात असेल, तर मोजण्याची रीत तपासायला हवी.

राखीव जागा नसाव्यात असं माझं म्हणणं नाही. त्या नसत्या तर आमच्या माणसांचे चेहरे सभागृहात दिसलेच नसते. पण राखीव जागेवर निवडून येणारा माणूस ऐंशी टक्के इतरांच्या मतांवर येतो आणि त्याला ते ठाऊक असतं. अत्याचाराच्या एखाद्या घटनेनंतर तो किती मोठ्यानं बोलतो हे त्या ऐंशी टक्क्यांवर ठरतं. थोरल्या आजोबांनी ‘गरीब’ हा शब्द वापरला होता तो याच अर्थानं.

संचयी मतदानाला घटनेच्या दारात जायचीही आज गरज नाही. सुरुवात गावात-शहरात होऊ शकते. महाराष्ट्रातल्या महापालिकांचे प्रभाग एकाचे असावेत की अनेकांचे हे राज्याचा कायदा ठरवतो, आणि सरकारं बदलली तशी ती रचना अनेकदा बदललेलीही आहे. पुण्यात २०१७ मध्ये चार जणांचे प्रभाग होते. मतदाराला चार मतं, पण अ, ब, क, ड अशा चार जागांवर चार वेगवेगळी. त्यामुळं प्रभागात ज्याचं बहुमत त्याचं चौघांचं पॅनल उचलून निवडून येण्याची सोय होते आणि पंचवीस-तीस टक्क्यांच्या वस्तीला चारांतला एकही आपला म्हणता येत नाही. प्रभाग तेच ठेवा, राखीव जागाही तशाच ठेवा, आणि मतदाराला चारही मतं एकाच उमेदवाराला देण्याची मुभा द्या. मुंबई प्रांतात हे १९३७ साली करून झालेलं आहे, तेही कागदी मतपत्रिकेवर. आज यंत्र आहे, बेरीज तेच करील. एखाद्या नगरपरिषदेपासून सुरुवात करायला विधिमंडळात एक दुरुस्ती पुरे, आणि ती मांडणाऱ्या आमदाराला बाबासाहेबांच्या १९५५ च्या पुस्तकातली त्याबद्दलची मांडणी तयारच मिळेल.